मूत्राशयाची काळजी वाहणारे डॉ. गुटमन

परभणी जिल्ह्यात झाडावरून किंवा विहिरीत पडून मणक्याला मार लागलेला माणूस दवाखान्यात आला, की तो पुन्हा चालेल का, हे नातेवाईक आधी विचारतात. लघवीविषयी सहसा कोणी विचारत नाही. पण मज्जारज्जूला इजा झाली की मेंदू आणि मूत्राशय यांचा संपर्क तुटतो. लघवी तुंबते, जंतुसंसर्ग होतो आणि तो मूत्रपिंडापर्यंत चढतो. पूर्वी असे बहुतेक रुग्ण यातच दगावत. ही समजूत आणि हे उपचार बदलले डॉ. लुडविग गुटमन यांनी.

१८९९ साली तेव्हाच्या जर्मनीत एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९१७ मध्ये रुग्णालयात मदतनीस असताना त्यांनी कणा मोडलेला एक तरुण खाणकामगार पाहिला. तो वाचणार नाही, हे सर्वांनी गृहीतच धरले होते. काही आठवड्यांत तो जंतुसंसर्गाने गेला. गुटमन पुढे मज्जासंस्थेचे नावाजलेले तज्ज्ञ झाले. मात्र नाझींच्या छळामुळे १९३९ मध्ये त्यांना बायको-मुलांसह इंग्लंड गाठावे लागले.

१९४४ मध्ये स्टोक मँडव्हिल येथे जखमी सैनिकांसाठीचे केंद्र त्यांच्या हाती आले. रात्रंदिवस दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची, हा त्यांचा दंडक. लघवीची नळी कायम आत ठेवण्याऐवजी ठरावीक वेळी निर्जंतुकपणे घालून, मूत्राशय रिकामे करून लगेच काढायची पद्धत त्यांनी रुजवली. रुग्ण जगू लागले, कामाला लागले, खेळू लागले. १९४८ मध्ये १६ जणांच्या धनुर्विद्या स्पर्धेने सुरू झालेल्या खेळांतूनच पॅरालिम्पिक उभे राहिले. १९६५ च्या युद्धात जखमी झालेले सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये तिथेच जलतरणाचे सुवर्णपदक मिळवले.

१९८० मध्ये गुटमन वारले. त्याआधीच लंडनमध्ये जाइल्स ब्रिंडले यांनी पुढचे पाऊल टाकले होते. माकडहाडाजवळच्या मज्जामुळांवर इलेक्ट्रोड बसवायचे, बाहेरच्या यंत्राचे बटण दाबले की मूत्राशय आकुंचन पावून लघवी होते. ही शस्त्रक्रिया खर्चिक आहे, सर्वांना लागूही पडत नाही. शिवाय मूत्राशयाकडे जाणाऱ्या नसा शाबूत असाव्या लागतात.

म्हणून आपल्या रुग्णासाठी गुटमन यांचाच धडा पहिला : डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या वेळी, स्वच्छ हातांनी मूत्राशय रिकामे करा. थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. वर्षातून एकदा मूत्रपिंडाची सोनोग्राफी करून घ्या. मूत्रपिंड टिकले, तरच पुढच्या उपचारांना अर्थ आहे.