यशवंताची आई सावित्रीबाई



आपल्या मालवणी मुलखात अनोळखी पोर दिसले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, कोणाचो रे तू? विचारणाऱ्याच्या मनात बहुधा मायाच असते. पण ज्याचे आईवडील हयात नाहीत, जो आजीकडे, मावशीकडे किंवा शेजाऱ्यांकडे वाढतो आहे, त्या मुलाला या प्रश्नावर मान खाली घालावी लागते. १९ मार्चला आपण प्रभू येशूचे पालक पिता संत योसेफ यांचा सण साजरा करतो. त्याच महिन्यात, १० तारखेला, सावित्रीबाई फुले यांची पुण्यतिथी असते. मुलींना शिकवणाऱ्या शिक्षिका म्हणून त्यांना सारा महाराष्ट्र ओळखतो. आज आम्ही त्यांच्याकडे एक आई म्हणून पाहणार आहोत.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. १८४० साली पुण्याच्या जोतीराव फुले यांच्याशी त्यांचे लग्न झाले. जोतीराव तान्हे असतानाच त्यांची आई चिमणाबाई वारली होती. त्यांना वाढवले ते नात्यातल्या सगुणाबाई क्षीरसागर या विधवा बाईंनी. सगुणाबाई पुण्यात एका ख्रिस्ती मिशनऱ्याच्या घरी मुले सांभाळण्याचे काम करीत असत. म्हणजे सावित्रीबाई ज्या घरात सून म्हणून आल्या, तिथे न जन्मलेल्या लेकराला आपले मानण्याची रीत आधीच रुजलेली होती.

१८४८ मध्ये पुण्यातील भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. लोकांचा रोष वाढला आणि पुढच्याच वर्षी या जोडप्याला वडिलांचे घर सोडावे लागले. तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. त्यांची बहीण फातिमा शाळेच्या कामात सावित्रीबाईंची सोबतीण झाली. दुसऱ्याच्या आसऱ्याची किंमत त्यांना अशी अनुभवाने कळली.

त्या काळी लहान वयात विधवा झालेल्या मुलींचे हाल होत. कुणाला दिवस गेले तर बदनामीच्या भीतीने ती जीव देई किंवा जन्मलेल्या बाळाचा जीव घेतला जाई. १८६३ मध्ये फुले दांपत्याने आपल्याच घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. १८७४ च्या सुमारास काशीबाई नावाची एक विधवा तिथे बाळंत झाली. सावित्रीबाईंना मूलबाळ नव्हते. काशीबाईंचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला आणि त्याचे नाव यशवंत ठेवले.

मुलाला खाऊपिऊ घालणे, शिकवणे हे कष्टाचे काम खरे. पण सावित्रीबाईंना त्याहून अवघड गेले ते लोकांना हा मुलगा माझा आहे हे पटवणे. १८८७ साली जोतीरावांनी मृत्युपत्र करून यशवंताला वारस ठरवले. विधवेच्या मुलाला मुलगी कोण देणार, असे लोक म्हणत असताना ज्ञानोबा ससाणे पुढे आले. १८८९ मध्ये त्यांच्या मुलीशी यशवंताचा सत्यशोधक पद्धतीने विवाह झाला. पुढच्या वर्षी, २८ नोव्हेंबर १८९० रोजी, जोतीराव वारले. अंत्ययात्रेपुढे तिटवे धरण्याचा मान मुलाचा. दत्तक मुलगा म्हणून भाऊबंदांनी यशवंताला आडकाठी केली. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या आणि त्यांनी स्वतः तिटवे हाती घेतले.

यशवंत डॉक्टर झाले. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगने थैमान घातले, तेव्हा त्यांनी शहराबाहेर ससाण्यांच्या माळावर दवाखाना घातला. साठी ओलांडलेल्या सावित्रीबाई रुग्णांना तिथे आणू लागल्या. मुंढव्याच्या दलित वस्तीतील एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात पोहोचवले. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला. शेवटच्या दिवसांतही त्यांच्या पाठीवर दुसऱ्याचेच लेकरू होते.

सावित्रीबाई आपल्या ख्रिस्तसभेतल्या नव्हत्या. तरी त्यांचे चरित्र वाचताना आम्हाला संत योसेफ आठवतात. येशूचा जन्म त्यांच्यापासून झाला नव्हता, पण बाळाला नाव ठेवले ते त्यांनीच. दाविदाच्या वंशात येशूची गणना झाली तीही त्यांच्यामुळे. कोणाचा तू, या प्रश्नाचे उत्तर योसेफांनी आपल्या नावाने दिले. जन्म देणे ही निसर्गाची गोष्ट आहे; आपला म्हणणे हा माणसाने केलेला निर्णय आहे, आणि तो रोज नव्याने करावा लागतो.

आपल्या किनाऱ्यावर बाप समुद्रात गेलेली मुले आहेत, आई आजाराने गेलेली मुले आहेत. त्यांना सांभाळणाऱ्या आजी-मावश्या मदत मागायला लाजतात. महाराष्ट्र शासनाची बालसंगोपन योजना आज सावित्रीबाईंच्याच नावाने चालते. पालक गमावलेल्या मुलाला घरात वाढवणाऱ्या कुटुंबाला तिच्यातून दरमहा मदत मिळते; २०२३ मध्ये ती रक्कम २,२५० रुपये करण्यात आली. त्यासाठी जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. कागदपत्रांची अडचण असेल तर मिस्सानंतर आम्हाला भेटा, आपण मिळून अर्ज भरू.

पण पैशाने भागत नाही असे एक काम उरते आणि ते आपणा सर्वांचे आहे. यशवंताला आई होतीच. त्याला ससाणेही लागले. पहिल्या ख्रिस्तशरीराच्या तयारीत, लग्नाच्या बोलण्यात, मयताच्या घरी, अशा मुलाला वेगळे काढणारा शब्द आपल्या तोंडून निघू नये. आम्हीही धर्मशिक्षणाच्या वर्गात सर्वांसमोर मुलांना वडिलांचे नाव विचारत आलो आहोत. यापुढे आम्ही विचारू, तुला न्यायला कोण येणार आहे? आणि जो कोणी येईल, त्याला पालकांच्या बाकावर जागा देऊ.

संत योसेफ, आमच्या धर्मग्रामातील पालक कुटुंबांसाठी विनंती करा.

तुमचे धर्मगुरू