नारायण धारप

नारायण गोपाळ धारप (२७ ऑगस्ट, इ.स. १९२५ - १८ ऑगस्ट, इ.स. २००८) हे मराठी कथाकार व कादंबरीकार होते. भयकथा हा स्वतंत्र साहित्यप्रकार म्हणून मराठीत रुजवण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांना दिले जाते. त्यांनी विज्ञानकथा आणि रहस्यकथाही लिहिल्या.

== शिक्षण ==
धारपांनी मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी. (टेक.) ही पदवी मिळवली. विज्ञानाचे हे संस्कार त्यांच्या लेखनात दिसतात. त्यांची पात्रे अमानवी घटनेवर लगेच विश्वास ठेवत नाहीत. तर्काने उलगडा होत नाही, तेव्हाच भीती सुरू होते.

== लेखन ==
अमानवी शक्तींचा सामना करणारे 'समर्थ' ही त्यांची सर्वांत लोकप्रिय व्यक्तिरेखा होय. समर्थ आपल्या शक्तीचा उपयोग पीडितांच्या रक्षणासाठीच करतात. 'ग्रहण', 'चेटकीण', 'लुचाई' आणि 'शपथ' या त्यांच्या गाजलेल्या भयकादंबऱ्या होत. 'नेनचिम' आणि 'गोग्रमचा चितार' या कादंबऱ्या विज्ञान व अद्भुत या अंगांनी जातात.

धारपांच्या लेखनावर एच.पी. लव्हक्राफ्ट आणि स्टीफन किंग या अमेरिकन लेखकांचा प्रभाव होता. 'लुचाई' ही किंगच्या 'सेलम्स लॉट'वर, तर 'शपथ' ही 'इट'वर बेतलेली आहे. बालपणी एका दुष्ट शक्तीशी झुंजलेले सवंगडी प्रौढपणी दिलेल्या शब्दाला जागून पुन्हा एकत्र येतात, हे 'शपथ'चे सूत्र आहे. परकीय कथाबीज घेतानाही धारपांनी त्याला मराठी घराचे, नात्यागोत्यांचे आणि श्रद्धांचे रूप दिले. त्यामुळे ही भीती वाचकाला परकी वाटली नाही.

== वाचक आणि समीक्षा ==
धारपांची पुस्तके मुख्यतः वाचनालयांतून घरोघरी पोहोचली. किशोरवयीन वाचकांच्या अनेक पिढ्यांना भयकथेची ओळख त्यांच्यामुळे झाली. समीक्षकांनी मात्र या साहित्याला रंजनपर मानून दीर्घकाळ दुर्लक्षिले.

== प्रभाव ==
राही अनिल बर्वे यांनी इ.स. १९९३ मध्ये नागझिरा अभयारण्यात एका मित्राकडून धारपांची एक कथा ऐकली. तिच्या प्रेरणेने त्यांनी वयाच्या अठराव्या वर्षी 'तुंबाड' चित्रपटाचा पहिला मसुदा लिहिला. तो चित्रपट इ.स. २०१८ मध्ये प्रदर्शित झाला. शीर्षक श्री.ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवरून घेतले असले, तरी त्यातील भयाचे मूळ धारपांच्या कथेत आहे. त्याच वर्षी झी मराठी वाहिनीवर धारपांच्या साहित्यावर आधारित 'ग्रहण' ही मालिकाही प्रसारित झाली.