रयतेच्या पैशाचा हिशेब मागणारे महात्मा जोतीराव फुले

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी भगवान बुद्ध, संत कबीर आणि महात्मा जोतीराव फुले या तिघांना आपले गुरू मानले. जोतीरावांचे नाव निघाले की भिडेवाड्यातील मुलींची शाळा, सावित्रीबाईंनी सोसलेले दगड-शेण, अस्पृश्यांसाठी खुला केलेला हौद हे प्रसंग आपल्याला आठवतात, आणि ते आठवलेच पाहिजेत. परंतु या थोर पुरुषाच्या कार्याची आणखी एक बाजू आहे. सरकारच्या तिजोरीत येणारा पैसा कोणाच्या घामातून येतो आणि तो कोणाच्या सुखासाठी खर्च होतो, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर विचारला. कर भरूनही ज्यांच्या वाड्यावस्तीला काही मिळत नाही अशा माणसांच्या मनात आजही हाच प्रश्न सलत असतो. म्हणून या स्मरणिकेत जोतीरावांचे चरित्र त्या अंगाने पाहणे उचित होईल.

जोतीरावांचा जन्म 11 एप्रिल 1827 रोजी झाला. त्यांचे मूळ घराणे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पुण्यात येऊन पेशव्यांना फुले पुरविण्याचा व्यवसाय सुरू झाला आणि घराण्याला फुले हे नाव पडले. आई चिमणाबाई लवकरच निवर्तल्या. वडील गोविंदराव यांनी मुलाला शाळेत घातले, पण माळ्याच्या मुलाला शिक्षण कशाला, असे कोणी तरी मनात भरविल्यामुळे ते मध्येच थांबले. पुढे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या दोन शेजाऱ्यांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि जोतीराव 1841 मध्ये स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. शेजाऱ्यांचा एक शब्द पडला नसता तर महाराष्ट्राला हा महात्मा लाभला नसता, हे आपल्या पालकांनी ध्यानात घ्यावे.

1848 मध्ये त्यांनी मुलींची शाळा काढली. त्यापायी 1849 मध्ये त्यांना व सावित्रीबाईंना वडिलांचे घर सोडावे लागले. त्याच सुमारास सार्वजनिक पैशाच्या प्रश्नाशी त्यांचा पहिला संबंध आला. पेशवाईत ब्राह्मणांना दरवर्षी दक्षिणा वाटली जात असे. इंग्रजी अमल आल्यावरही त्या दक्षिणा फंडाची परंपरा वेगळ्या रूपात चालू राहिली. या फंडातील काही भाग चांगल्या मराठी ग्रंथांना बक्षिसे देण्यासाठी वापरावा, अशी मागणी पुण्यातील काही सुधारकांनी 1849 मध्ये केली. सनातनी मंडळी खवळली आणि अर्ज देणाऱ्यांना मारहाणीची भीती निर्माण झाली. तेव्हा जोतीराव महार-मांग समाजातील सुमारे 200 धडधाकट माणसे घेऊन त्यांच्या पाठीशी उभे राहिले. ज्यांना त्या फंडातून कधी एक पैही मिळाली नव्हती, त्याच माणसांनी त्या फंडाचा उपयोग ज्ञानासाठी व्हावा म्हणून पहारा दिला. त्या वेळी जोतीराव अवघे 22 वर्षांचे होते.

आपल्या या परिसराचाही त्या काळाशी निकटचा संबंध आहे. मुंबईहून निघालेली आगगाडी 1856 मध्ये खोपोलीपर्यंत आली. पुढे बोरघाटाचा अजस्र डोंगर फोडण्याचे काम सुरू झाले आणि 1863 मध्ये घाटातून गाडी धावू लागली. ऐन भरात असताना या कामावर 42,000 च्या आसपास मजूर खपत होते. पटकी, ताप आणि अपघात यांनी किती जण दगावले त्याची नावनिशी आज उरलेली नाही. मात्र ज्यांनी इंग्लंडात बसून या रेल्वे कंपनीचे समभाग घेतले होते, त्यांचा पैसा पूर्णपणे सुरक्षित होता. कंपनीला नफा होवो वा न होवो, भांडवलावर 5 टक्के व्याजाची हमी सरकारने दिलेली होती आणि तूट पडेल तेवढी हिंदुस्थानच्या महसुलातून, म्हणजे मुख्यत्वे शेतसारा आणि मीठ यांवरील करांतून, भरून निघत असे. धोका रयतेचा आणि लाभ सावकाराचा, असा हा व्यवहार होता. जोतीरावांनी पुढे ज्या राज्यव्यवस्थेवर आसूड उगारला तिचे एक ठळक उदाहरण आपल्या डोळ्यांसमोरच्या या घाटात आजही उभे आहे.

जोतीराव स्वतः गरीब नव्हते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. ते सरकारी बांधकामांची कंत्राटे घेत. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाशी त्यांचा संबंध होता. त्यामुळे सार्वजनिक बांधकाम खात्यातील कारभार त्यांनी आतून पाहिला होता. साहेब अधिकारी कागदावर सही करतो, हाताखालचे कारकून व इंजिनियर आपला वाटा काढतात आणि डोक्यावर दगड वाहणारा मजूर मात्र दिवसाच्या मजुरीसाठीही हात जोडून उभा राहतो, हे चित्र त्यांना परिचयाचे होते. असा मनुष्य गप्प बसून अधिक धनवान झाला असता तर त्याला कोणी बोल लावला नसता. जोतीरावांनी मात्र जे पाहिले ते लिहिले, आणि मिळविलेला पैसा शाळा, अनाथ बालके व सत्यशोधक समाजाच्या कार्यात घातला. 24 सप्टेंबर 1873 रोजी त्यांनी सत्यशोधक समाजाची स्थापना केली. 1876-77 च्या भीषण दुष्काळात त्यांनी व सावित्रीबाईंनी सहकाऱ्यांच्या मदतीने उपाशी मुलांच्या जेवणाची व निवाऱ्याची सोय केली. वसतिगृहात राहून शिकलेल्या आपल्यासारख्यांना त्या अन्नाची किंमत वेगळी सांगायला नको.

1876 ते 1882 या काळात जोतीराव पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. त्या सभागृहात बहुतेक सभासद वजनदार, पदवीधारी आणि सरकारदरबारी ऊठबस असलेले होते. व्हाइसरॉय पुण्यास येणार म्हणून स्वागतासाठी नगरपालिकेच्या निधीतून एक हजार रुपये खर्च करण्याचा ठराव त्या सभागृहापुढे आला. शहर शृंगारून दाखवावे, साहेबाची मर्जी राखावी, असा सर्वांचा कल होता. जोतीरावांचे म्हणणे असे की हा पैसा करदात्यांचा आहे, तो गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा. 32 सभासदांपैकी विरोधी मत देणारे ते एकटेच निघाले. सरकारने नेमलेल्या सभासदाने सरकारच्या सर्वोच्च प्रतिनिधीच्या सत्काराला विरोध करणे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. ठराव अर्थातच संमत झाला. तथापि हरणारे मतही नोंदविले पाहिजे, हा धडा त्यांनी घालून दिला.

पुण्यात दारूच्या दुकानांची संख्या वाढू लागली तेव्हाही त्यांनी 1880 मध्ये नगरपालिकेकडे लेखी तक्रार केली. अबकारी उत्पन्न वाढते म्हणून सरकार दुकानांना परवाने देते, पण ते उत्पन्न गरिबाच्या संसाराची राखरांगोळी करून येते, हा त्यांचा मुद्दा होता. पुढे शहरात भव्य मंडई बांधण्याची योजना निघाली. त्या वेळी जोतीराव आणि त्यांचे स्नेही हरी रावजी चिपळूणकर यांनी विरोध केला. इमारतीपेक्षा शिक्षणाला आधी पैसा हवा, हीच त्यांची भूमिका. मंडई उभी राहिली, 1886 मध्ये तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव मिळाले. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने तिचे नामकरण महात्मा फुले मंडई असे झाले. ज्या खर्चाला त्यांनी हरकत घेतली त्याच वास्तूवर त्यांचे नाव आले. नाव देणे सोपे असते, विचार पाळणे कठीण असते, हे या एका उदाहरणावरून कळते.

1882 मध्ये शिक्षणाची चौकशी करण्यासाठी हंटर आयोग नेमला गेला. जोतीरावांनी आयोगाला जे निवेदन सादर केले ते आपल्या देशातील शिक्षणाच्या अर्थकारणावरील एक मूलगामी लेख मानावा लागेल. त्यातील युक्तिवाद सरळ आहे. सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग शेतकऱ्यांच्या श्रमातून येतो. हे उत्पन्न उच्च शिक्षणावर सढळ हाताने खर्च होते, आणि त्याचा लाभ ज्यांची स्वतःची ऐपत आहे अशा वरच्या वर्गाला मिळतो. खेड्यातील मुलाला साधी प्राथमिक शाळाही मिळत नाही. त्या वेळी मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणून घेतला जाई आणि त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणासाठी राखलेला असे. निदान अर्धा हिस्सा तरी प्राथमिक शिक्षणावर खर्च व्हावा, बारा वर्षांपर्यंतचे शिक्षण सक्तीचे व्हावे, शिक्षक शेतकरी वर्गातून तयार व्हावेत व त्यांना पुरेसा पगार मिळावा, महार-मांगांच्या मुलांसाठी वेगळ्या शाळा असाव्यात, अशा मागण्या त्यांनी केल्या. वरून झिरपत झिरपत ज्ञान खाली येईल, ही सरकारी समजूत त्यांनी साफ नाकारली. सक्तीच्या शिक्षणाचा हक्क आपल्या देशाला कायद्याने मिळण्यासाठी त्यानंतर सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटावा लागला.

पुढच्याच वर्षी, 1883 मध्ये, ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ लिहून पूर्ण झाला. त्यातील काही भाग त्यांनी बडोद्यास जाऊन सयाजीराव महाराजांना वाचून दाखविला. दर तीस वर्षांनी वाढणारा शेतसारा, लोकल फंड, जकात, मिठावरील कर अशा अनेक वाटांनी शेतकऱ्याच्या घरातून पैसा कसा बाहेर जातो आणि गोऱ्या-काळ्या अधिकाऱ्यांचे भरमसाट पगार, निवृत्तिवेतने, कर्जाचे व्याज यांत तो कसा जिरतो, याचा त्यांनी बारकाईने हिशेब मांडला. जंगल खात्याने डोंगर-दऱ्या, गायराने आपल्या ताब्यात घेतली आणि गरिबाच्या शेळीला चरायला जागा उरली नाही, हेही त्यांनी लिहिले. कर्जत-खालापूरच्या ठाकूर-कातकरी बांधवांना हे दुःख नवे नाही. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतून जंगलाविषयी इतक्या तक्रारी झाल्या की त्याच दशकात सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला.

जोतीरावांनी केवळ दोष दाखवून लेखणी खाली ठेवली नाही. अधिकाऱ्यांचे पगार कमी करावेत, रिकाम्या पलटणींकडून व पोलिसांकडून ताली, बंधारे, तळी बांधून घ्यावीत, धरणाचे पाणी प्रत्येक शेताला मोजून मिळावे, जनावरांची पैदास सुधारावी, शेतकऱ्यांच्या मुलांना शेतीविद्या शिकवावी, असे उपाय त्यांनी सुचविले. खर्चाला विरोध हा त्यांचा हेतू नव्हता. ज्याने भरले त्याच्यापर्यंत ते परत पोहोचावे, हा त्यांचा आग्रह होता.

1888 मध्ये राणी व्हिक्टोरियाचे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ हरी रावजी चिपळूणकर यांनी मेजवानी दिली. दागदागिने, भरजरी पोशाख यांनी लखलखणाऱ्या त्या सभेत जोतीराव शेतकऱ्याच्या साध्या वेषात गेले. येथे दिसणारी श्रीमंती म्हणजे हिंदुस्थान नव्हे, खरा देश खेड्यांत उपाशी आहे, असे त्यांनी पाहुण्याला सांगितले. त्याच वर्षी 11 मे रोजी मुंबईत मांडवी कोळीवाड्यातील सभेत जनतेने त्यांना महात्मा ही पदवी दिली. ती सरकारने दिलेली नव्हती, हे तिचे मोल.

थोड्याच दिवसांनी त्यांना पक्षाघात झाला. उजवा हात निकामी झाला तेव्हा डाव्या हाताने त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म’ लिहून पूर्ण केला. एके काळचा हा संपन्न कंत्राटदार अखेरीस पैशाच्या विवंचनेत होता. सयाजीराव महाराजांची मदत झाली. 28 नोव्हेंबर 1890 रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र मालवला नाही. बाबासाहेबांनी प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील आपला प्रबंध 1925 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. 1927 मध्ये मुंबई विधिमंडळात अंदाजपत्रकावर बोलताना, प्राप्तिकर भरणाऱ्याला ठरावीक उत्पन्नापर्यंत सूट आणि एक-दोन एकरांच्या कुणब्याला मात्र कसलीच सूट नाही, हा अन्याय त्यांनी दाखवून दिला. 17 सप्टेंबर 1937 रोजी त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, ते आपल्या कुलाबा-रत्नागिरीच्या कुळांसाठी. आणि 1946 मध्ये शूद्र पूर्वी कोण होते या विषयावरील ग्रंथ त्यांनी जोतीरावांच्या स्मृतीस अर्पण केला. गुरूचा प्रश्न शिष्याने अर्थशास्त्राच्या भाषेत पुढे नेला.

आज मतपेटी आपल्या हाती आहे, ग्रामसभा आहे, नगरपरिषद आहे, माहितीचा अधिकार आहे. दुकानातून साबणाची वडी घेणारी आपली आईसुद्धा कर भरते. तरीही मोठ्यांना सवलती आणि लहानांना कपात, असे दृश्य दिसले की मन उद्विग्न होते. जोतीरावांच्या चरित्रातून शिकायचे ते हे की उद्वेग घरात बसून व्यक्त करण्यासाठी नसतो. त्यांनी आकडे गोळा केले, अर्ज लिहिले, सभागृहात एकट्याने हात वर केला. या संस्थेतून शिकून बाहेर पडलेल्या आणि आज निरनिराळ्या गावी, कचेऱ्यांत, कारखान्यांत, सभागृहांत असलेल्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याने आपल्या गावचे अंदाजपत्रक एकदा तरी वाचावे आणि शाळेसाठी किती ठेवले आहे ते पाहावे. महात्म्याला याहून योग्य अभिवादन नसेल.