रमाबाई रानडे

रमाबाई महादेव रानडे (१८६२ – १९२४) या महाराष्ट्रातील समाजसेविका, लेखिका आणि पुण्याच्या सेवासदन संस्थेच्या आधारस्तंभ होत्या. हिंदू स्त्रियांना परिचारिका व शिक्षिका म्हणून पद्धतशीर प्रशिक्षण मिळावे, यासाठी त्यांनी केलेले कार्य विशेष महत्त्वाचे मानले जाते.

बालपण आणि शिक्षण

रमाबाईंचा जन्म सध्याच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथे कुर्लेकर घराण्यात झाला. त्यांचे माहेरचे नाव यमुना होते. १८७३ मध्ये न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचा विवाह झाला, तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. न्यायमूर्तींनी त्यांना प्रथम मराठी व पुढे इंग्रजी शिकवले. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा या शिक्षणास तीव्र विरोध होता. त्यांचे टोमणे निमूटपणे सोसून रमाबाईंनी आपला अभ्यास चालू ठेवला. पुण्यात मुलींच्या हायस्कूलसाठी झालेल्या चळवळीतही त्यांचा सहभाग होता. हे हायस्कूल १८८४ मध्ये सुरू झाले. पुढे ते हुजूरपागा या नावाने प्रसिद्धीस आले.

सेवासदन

१९०१ मध्ये न्यायमूर्तींचे निधन झाल्यानंतर रमाबाईंनी सार्वजनिक कार्यास वाहून घेतले. १९०४ मध्ये मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्षा होत्या. बेहरामजी मलबारी व दयाराम गिडूमल यांनी १९०८ मध्ये मुंबईत सेवासदन सुरू केले. रमाबाई त्याच्या अध्यक्षा झाल्या. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदनाचे काम सुरू झाले. या कामात त्यांना गोपाळ कृष्ण देवधर यांचे साहाय्य लाभले.

परिचारिकेचा व्यवसाय त्या काळी उच्चवर्णीय कुटुंबांत हलका समजला जात असे. परक्या पुरुषांची शुश्रूषा करणे आणि सर्व जातींच्या रुग्णांना स्पर्श करणे, हे दोन्ही आक्षेपार्ह मानले जाई. त्यामुळे विद्यार्थिनी मिळवणे हीच पहिली अडचण होती. रमाबाईंनी विधवा व निराधार स्त्रियांच्या नातेवाइकांचे मन वळवले, विद्यार्थिनींच्या निवासाची सोय केली आणि ससून रुग्णालयात त्यांना प्रत्यक्ष कामाचे शिक्षण मिळेल अशी व्यवस्था केली. संस्थेच्या एका समारंभात केशवपन केलेली एक विद्यार्थिनी बक्षीस घेण्यास आली असता प्रेक्षकांतील काहींनी तिची टिंगल केली. रमाबाईंनी सभेतच त्यांची कठोर शब्दांत कानउघाडणी केली. संस्थेत अध्यापिकांच्या प्रशिक्षणाचे वर्गही चालत. शिकलेल्या स्त्रीला स्वतःच्या कमाईवर सन्मानाने जगता यावे, हा या सर्व अभ्यासक्रमांमागील हेतू होता.

अन्य कार्य

रमाबाई येरवडा कारागृहातील स्त्री कैद्यांना नियमित भेटी देत. पुण्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण मुलांबरोबरच मुलींनाही लागू करावे, या मागणीसाठी त्यांनी चळवळ केली. स्त्रियांच्या मताधिकाराचाही त्यांनी पुरस्कार केला. ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे त्यांचे पुस्तक १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. मराठीतील आरंभीच्या स्त्री-आत्मचरित्रांत त्याची गणना होते.

निधन आणि स्मृती

१९२४ मध्ये रमाबाईंचे निधन झाले. १९६२ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट प्रसिद्ध केले. सेवासदनाचे शैक्षणिक कार्य त्यांच्या पश्चातही चालू राहिले.