कोरेश राजा: परमेश्वराला न ओळखणारा अभिषिक्त

प्रायश्चित्तकाळाच्या चौथ्या रविवारी, उपासनेच्या 'ब' वर्षी, पवित्र मिस्सातील पहिले वाचन इतिहासाच्या दुसऱ्या ग्रंथातून घेतलेले असते. यरुशलेमचा विध्वंस आणि बाबिलोनमधील हद्दपारी यांची हकिकत सांगून ते वाचन एका परकीय राजाच्या फर्मानापाशी थांबते. सामान्य काळाच्या एकोणतिसाव्या रविवारी, 'अ' वर्षी, यशया संदेष्ट्याच्या पंचेचाळिसाव्या अध्यायातून हाच राजा पुन्हा आपल्यासमोर उभा राहतो, आणि तेथे परमेश्वर त्याला आपला अभिषिक्त म्हणून संबोधतो. हा राजा म्हणजे पारस देशाचा कोरेश. त्याच्या मातृभाषेत त्याचे नाव कुरुश होते. इंग्रजी इतिहासग्रंथांतून तो आपल्याला सायरस म्हणून परिचित आहे.

अभिषिक्त हा शब्द लहानसहान नव्हे. हिब्रू भाषेतील मशीहा आणि ग्रीक भाषेतील ख्रिस्त या दोन्ही शब्दांचा अर्थ तोच. शौल, दावीद आणि त्याच्या वंशातील राजे, तसेच मुख्य याजक यांच्यासाठी जुन्या करारात हा शब्द येतो. इस्रायलबाहेरच्या राजांपैकी ही पदवी लाभलेला कोरेश हा एकटाच. विशेष म्हणजे, तो परमेश्वराला ओळखत नव्हता हे संदेष्टा त्याच अध्यायात दोन वेळा स्पष्टपणे सांगतो. जो परमेश्वराला ओळखत नव्हता त्याची निवड परमेश्वराने का केली असावी? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी कोरेशच्या जीवनाकडे वळणे आवश्यक आहे.

डोंगराळ मुलखातील राजपुत्र

आजच्या इराण देशाच्या नैर्ऋत्येस, झाग्रोस पर्वतरांगांच्या कुशीत, फार्स नावाचा प्रांत आहे. प्राचीन काळी यालाच पार्स किंवा पारस म्हणत. आपल्याकडील पारशी आणि फारसी हे दोन्ही शब्द याच नावावरून आले आहेत. या मुलखात अन्शान नावाचे लहानसे राज्य होते. तेथील राजा कंबुजिय याच्या पोटी इ. स. पूर्व ६०० च्या सुमारास कोरेशचा जन्म झाला. काही अभ्यासक त्याचा जन्म आणखी वीस-पंचवीस वर्षे अलीकडे मानतात.

त्याच्या बालपणाविषयी ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने सुमारे शंभर वर्षांनंतर एक कथा लिहून ठेवली. उत्तरेकडील मेदी लोकांचा राजा अस्त्यागेस हा कोरेशच्या आईचा पिता होता. आपला नातू आपले राज्य बळकावील असे स्वप्न पडल्यामुळे त्याने तान्ह्या बाळाला ठार मारण्याची आज्ञा हार्पागस या सरदाराला दिली. सरदाराने ते काम एका गुराख्यावर सोपविले. गुराख्याच्या पत्नीला त्याच दिवशी मृत बालक जन्मले होते. तिने राजपुत्राला पदराखाली घेतले आणि आपले मृत बालक त्याच्या जागी ठेविले. मोशे, कृष्ण आणि हेरोदाच्या तलवारीतून वाचलेला बाळ येशू यांची आठवण करून देणारी ही कथा आहे. तिला इतिहास मानता येत नाही. तथापि, या राजाविषयी लोकांच्या मनात केवढा आदर होता हे तिच्यावरून कळते.

इतिहास सांगतो तो असा: इ. स. पूर्व ५५९ च्या सुमारास कोरेश अन्शानच्या गादीवर बसला. इ. स. पूर्व ५५० मध्ये अस्त्यागेस त्याच्यावर चालून आला, परंतु मेदी सैन्यानेच बंड करून आपल्या राजाला कोरेशच्या हाती दिले. मेदींची राजधानी एकबताना, म्हणजेच आजचे हमादान शहर, त्याच्या ताब्यात आले. कॅथोलिक बायबलमधील दानिएलच्या ग्रंथाचा चौदावा अध्याय नेमका याच घटनेच्या उल्लेखाने सुरू होतो. त्या अध्यायातील कोरेश बेल या दैवताची दररोज पूजा करतो आणि दानिएल त्याला त्या मूर्तीच्या पुजाऱ्यांची लबाडी उघड करून दाखवितो.

त्यानंतर पश्चिमेकडील लिडियाचा राजा क्रीसस कोरेशविरुद्ध उभा ठाकला. याची श्रीमंती जगभर गाजलेली होती. इ. स. पूर्व ५४६ च्या सुमारास त्याची राजधानी सार्दीस कोरेशने जिंकली. प्रकटीकरणाच्या पुस्तकात ज्या सात ख्रिस्तमंडळ्यांना पत्रे लिहिली आहेत, त्यांपैकी एक याच सार्दीस नगरातील होय.

बाबिलोनचा पाडाव

आता बाबिलोनचे साम्राज्य तेवढे उरले होते. इ. स. पूर्व ५८७ च्या सुमारास बाबिलोनच्या नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेम जाळले, शलमोनाने बांधलेले मंदिर पाडले, मंदिरातील सोन्यारुप्याची पात्रे लुटून नेली आणि यहुदी लोकांना हद्दपार केले. जिंकलेल्या लोकांना त्यांच्या मातीतून उपटून दूर नेऊन टाकायचे, म्हणजे त्यांचे बंड करण्याचे बळच नाहीसे होते, ही अश्शूर आणि बाबिलोनच्या राजांची जुनी नीती होती. देश, राजा आणि मंदिर ही तिन्ही गमावलेली ती प्रजा बाबिलोनच्या नद्यांकाठी अश्रू ढाळीत राहिली.

पन्नासेक वर्षांनंतर बाबिलोनमध्ये नबोनिदस राज्य करीत होता. तो चंद्रदेवतेचा भक्त. नगरदैवत मार्दुकची उपेक्षा करून तो सुमारे दहा वर्षे अरबस्तानातील तेमा येथे जाऊन राहिला आणि राज्यकारभार त्याने पुत्र बेलशस्सर याच्याकडे सोपविला. यरुशलेमच्या मंदिरातील पवित्र पात्रांतून मेजवानीत मद्य प्राशन करणारा आणि भिंतीवर लिहिणारा हात पाहून थरकाप उडालेला तो हाच बेलशस्सर.

इ. स. पूर्व ५३९ च्या ऑक्टोबर महिन्यात कोरेशने तैग्रीस नदीकाठच्या ओपिस येथे बाबिलोनी सैन्याचा पराभव केला. तेथे कत्तल आणि लूट झाली, अशी नोंद बाबिलोनच्या मृत्तिकालेखात आहे. कोरेशचे गुणगान करताना ही नोंद झाकून ठेवणे योग्य नव्हे. तो एक विजेता होता आणि विजेत्यांचे हात क्वचितच स्वच्छ असतात. परंतु खुद्द बाबिलोन नगरात त्याचे सैन्य युद्धावाचून शिरले. काही दिवसांनी तो स्वतः आला, तेव्हा लोकांनी त्याच्या वाटेवर हिरव्या डहाळ्या अंथरल्या, असे तोच लेख सांगतो.

परत दिलेली पात्रे

कोरेशने आता जे केले त्यामुळेच अडीच हजार वर्षांनंतरही आपण त्याचे नाव घेतो. बाबिलोनच्या राजांनी ठिकठिकाणच्या देवळांतून उचलून आणलेल्या मूर्ती त्याने त्यांच्या मूळ स्थानी पाठविल्या आणि विस्थापित लोकांना स्वगृही जाण्याची मुभा दिली. इ. स. पूर्व ५३८ मध्ये यहुदी लोकांनाही ही परवानगी मिळाली. एज्राच्या ग्रंथानुसार, मंदिराची पात्रे राजाच्या खजिनदाराने मोजून यहुदाचा अधिपती शेशबस्सर याच्या स्वाधीन केली. ती एकूण ५,४०० होती. परतलेल्या मंडळीची संख्या त्याच ग्रंथात ४२,३६० दिली आहे. मंदिर किती उंच व किती रुंद असावे आणि त्याचा खर्च राजाच्या तिजोरीतून कसा व्हावा, हेही त्या फर्मानात लिहिलेले होते. पुढे काम अडले तेव्हा दारयावेश राजाने दप्तराचा शोध घेण्यास सांगितले आणि एकबताना येथे ते फर्मान सापडले. इ. स. पूर्व ५१५ मध्ये मंदिर पूर्ण झाले. याच मंदिराचा हेरोद राजाने पुढे विस्तार केला आणि याच ठिकाणी पवित्र मरियेने बाळ येशूला अर्पण केले.

कोरेशने हे केवळ दयेपोटी केले काय? तसे म्हणता येणार नाही. यहुदा प्रांत इजिप्तच्या वाटेवर होता. तेथे उपकृत प्रजा असणे साम्राज्याच्या हिताचे होते. त्याच्या पुत्राने, दुसऱ्या कंबुजियाने, इ. स. पूर्व ५२५ मध्ये इजिप्त जिंकलेही. शिवाय कोरेशने प्रत्येक प्रजेशी तिच्या श्रद्धेच्या भाषेत व्यवहार केला. एज्राच्या ग्रंथात तो आपल्या राज्याचे श्रेय स्वर्गीच्या देवाला देतो, तर बाबिलोनमध्ये तेच श्रेय मार्दुकला देतो.

याचा पुरावा हाती आहे. मोसुल येथील ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले पुरातत्त्वज्ञ होर्मुझ्द रस्साम यांना १८७९ मध्ये बाबिलोनच्या उत्खननात भाजलेल्या मातीचा, पिंपाच्या आकाराचा, वीतभर लांबीचा एक लेख मिळाला. मार्दुकने न्यायी राजाचा शोध घेऊन कोरेशचा हात धरला, असे त्यावर अक्कादी भाषेत कोरलेले आहे. यरुशलेमचा किंवा यहुद्यांचा त्यात उल्लेख नाही. परंतु मूर्ती आणि माणसे स्वस्थानी पाठविल्याचे त्यात सांगितले आहे, आणि ते एज्राच्या वृत्तांताशी जुळणारे आहे. या लेखाला मानवी हक्कांची जगातील पहिली सनद म्हणण्याची प्रथा १९७१ च्या सुमारास इराणच्या शाहांनी रूढ केली. बहुतेक इतिहासकारांना ते मान्य नाही, कारण नव्या राजाने जुन्या राजाला दोष देऊन आपली थोरवी सांगण्याची बाबिलोनी परंपरा त्याहून जुनी आहे. हा लेख ब्रिटिश म्युझियममध्ये असतो. डिसेंबर २०१३ ते फेब्रुवारी २०१४ या काळात तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात प्रदर्शनासाठी आणला होता आणि आपल्या पारशी बांधवांसाठी तो अभिमानाचा क्षण ठरला.

उद्यानाचा राजा

कोरेशने फार्समधील पसर्गादे येथे आपली राजधानी वसविली. तिचे वैशिष्ट्य म्हणजे तेथील उद्यान. कोरड्या पठारावर दगडी पन्हळींतून पाणी खेळवून, प्रासादांच्या मधोमध रेखीव बाग फुलविण्यात आली होती. इराणी उद्यानकलेचा हा सर्वांत जुना ज्ञात नमुना मानला जातो. २००४ मध्ये पसर्गादेला आणि २०११ मध्ये इराणच्या नऊ उद्यानांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्या नऊ उद्यानांतही पसर्गादे आहे. हुमायूनची कबर आणि ताजमहाल यांच्याभोवतालच्या चारबागा याच परंपरेतील. आपण मराठीत नित्य वापरतो तो बाग शब्दही फारसीच, आणि वर आलेला फर्मान हादेखील.

भिंतीने वेढलेल्या अशा उद्यानाला प्राचीन इराणी भाषेत पइरिदएझ म्हणत. ग्रीकांनी त्याचा पॅरादेइसोस केला. जुन्या कराराचे ग्रीक भाषांतर करणाऱ्या यहुदी विद्वानांनी एदेन बागेसाठी हाच शब्द निवडला, आणि क्रुसावरील पश्चात्तापी चोराला प्रभू येशूने जे अभिवचन दिले, ते सांगताना संत लूकने तोच शब्द वापरला. इंग्रजीतील पॅराडाइज तो हाच. यहुद्यांना त्यांचे मंदिर ज्या राजाने परत दिले, त्याच्याच लोकांच्या भाषेने स्वर्गासाठी ख्रिस्ती जगाला शब्द पुरविला.

साधी समाधी

इ. स. पूर्व ५३० मध्ये कोरेशचा अंत झाला. हिरोडोटसच्या मते, ईशान्येकडील मस्सागेती टोळ्यांची राणी तोमिरिस हिच्याशी झालेल्या युद्धात तो पडला. झेनोफन त्याला शांतपणे अंथरुणावर मरण आल्याचे लिहितो. पसर्गादे येथे त्याची समाधी आजही उभी आहे. सहा पायऱ्यांच्या चौथऱ्यावर उतरत्या छपराची एक लहानशी दगडी खोली, एकूण उंची सुमारे ११ मीटर. जगातील तत्कालीन सर्वांत मोठ्या साम्राज्याच्या धन्यासाठी ही वास्तू फारच साधी आहे. पुढे अलेक्झांडर तेथे आला तेव्हा समाधी लुटलेली आढळली आणि त्याने तिची डागडुजी करविली. नंतरच्या शतकांत लोक तिला शलमोनाच्या आईची कबर म्हणू लागले.

यशयाच्या ग्रंथातील चाळीस ते पंचावन्न हे अध्याय हद्दपारीच्या काळात रचले गेले, असे बायबलचे अभ्यासक मानतात. ते प्रथम ऐकणाऱ्या यहुद्यांना धक्का बसला असला पाहिजे. त्यांना दावीदाच्या वंशातील तारणारा हवा होता, आणि संदेष्टा एका सुंता न झालेल्या, परक्या दैवतांना नमन करणाऱ्या राजाकडे बोट दाखवीत होता. त्या अध्यायात तक्रार करणाऱ्यांनाही उत्तर दिलेले आहे: मातीने कुंभाराला जाब विचारू नये. कोरेशला संत ठरविण्याचे कारण नाही. ओपिसची कत्तल त्याच्या खात्यावर राहतेच. तरीदेखील जे इतर राजांनी लुटले ते त्याने मोजून परत दिले, आणि परमेश्वराने त्याच्याकडून हेच काम करून घेतले.

आपल्या गावांत, कामाच्या ठिकाणी, सरकारी कार्यालयांत आणि इस्पितळांत आपल्या श्रद्धेचे नसलेले कितीतरी लोक भेटतात. विस्थापिताला त्याची जमीन आणि दुर्बलाला त्याचा हक्क परत मिळवून देण्यासाठी झटणारे हात पुष्कळदा त्यांचेच असतात. ते आपल्यापैकी नाहीत म्हणून त्यांच्या कार्यामागचा परमेश्वराचा हात ओळखण्यास आपण कचरू नये. मिस्सामध्ये राज्यकर्त्यांसाठी विनंत्या वाचल्या जातात तेव्हा कोरेशचे स्मरण करावे, आणि ज्यांच्या हाती सत्ता आहे त्यांना परत देण्याची बुद्धी लाभो, अशी प्रार्थना करावी.