चक्कर येण्याचे मूळ कानात शोधणारे रॉबर्ट बारानी

चक्कर येत असल्याची तक्रार घेऊन चेन्नईतील मोठ्या रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात आलेल्या रुग्णाच्या कानात कधी थंड, तर कधी कोमट पाणी सोडून त्याच्या डोळ्यांची हालचाल तपासली जाते. या चाचणीचे श्रेय ऑस्ट्रियाचे डॉक्टर रॉबर्ट बारानी यांना दिले जाते.

बारानी यांचा जन्म २२ एप्रिल १८७६ रोजी व्हिएन्ना येथे झाला. बालपणी झालेल्या हाडांच्या क्षयामुळे त्यांचा एक गुडघा कायमचा ताठर झाला. १९०० मध्ये वैद्यकीय पदवी मिळवल्यानंतर ते तेथील कर्णरोग चिकित्सालयात काम करू लागले.

थंड पाण्याने कान धुतल्यास रुग्णाला चक्कर येते व डोळे झटक्याने हलतात. पाणी फार गरम असल्यास झटक्यांची दिशा उलटते, असे त्यांना आढळले. तापमानातील फरकामुळे आंतरकर्णातील अर्धवर्तुळाकार नलिकांमधील द्रव वाहू लागतो आणि डोके फिरत असल्याचा चुकीचा संदेश मेंदूला जातो, हा निष्कर्ष त्यांनी मांडला. त्यामुळे कोणत्या कानाची संतुलनशक्ती मंदावली आहे, हे ओळखणे शक्य झाले.

पहिल्या महायुद्धात लष्करी डॉक्टर असताना ते रशियाचे युद्धकैदी झाले. १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाल्याची वार्ता त्यांना बंदिवासातच समजली. स्वीडनचे राजपुत्र कार्ल यांच्या मध्यस्थीने १९१६ मध्ये त्यांची सुटका झाली.

मायदेशी मात्र इतरांच्या संशोधनाचे श्रेय लाटल्याचा आरोप त्यांच्यावर झाला. व्यथित झालेल्या बारानी यांनी १९१७ मध्ये स्वीडनमधील उपसाला गाठले. तेथेच ८ एप्रिल १९३६ रोजी त्यांचे निधन झाले.