मादाम क्युरी

मादाम मेरी क्युरी यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८६७ रोजी पोलंड देशातील वॉर्सा शहरी झाला. वडील शिक्षक होते. मेरी १० वर्षांच्या असताना आई वारली. तिथल्या विद्यापीठात मुलींना घेत नसत. म्हणून त्यांनी लोकांची मुले शिकवून पैसे साठवले आणि १८९१ साली त्या पॅरिसला शिकायला गेल्या.

१८९८ साली त्यांनी व त्यांचे पती पिएर यांनी रेडियम शोधून काढले. त्यातून डोळ्यांना न दिसणारे किरण निघतात. पिएर यांनी स्वतःच्या हातावर ते १० तास बांधून पाहिले. कातडी भाजल्यासारखी लाल झाली, मग जखम झाली. ५२ दिवसांनीही ती पुरती भरली नव्हती.

आपले शरीर बारीक बारीक पेशींचे बनलेले आहे. हे किरण पेशींची आतून मोडतोड करतात. कर्करोगाच्या पेशी भराभर वाढतात, त्या किरणांनी मरतात. म्हणून डॉक्टर लोक रेडियमने गाठींवर इलाज करू लागले.

पण चांगल्या पेशींनाही इजा होते. मादाम तर उघड्या हातांनी काम करायच्या. त्यांची बोटे भाजली. शेवटी हाडातला मगज रक्त बनवीनासा झाला आणि ४ जुलै १९३४ रोजी त्या वारल्या. त्यांना १९०३ व १९११ असे दोनदा नोबेल पारितोषिक मिळाले होते.

त्यांच्या वह्यांतून आजही किरण निघतात, म्हणून त्या शिशाच्या पेटीत ठेवल्या आहेत. एक्स-रे काढणारा माणूस आडोशाला उभा राहतो, तो याच्यासाठीच. अशा थोर बाईंना माझा नमस्कार.